प्रथिनंच का मोजायची?
जनुकांची चाचणी केली की पुरे, प्रथिनांच्या मागे कशाला लागायचं, असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. ब्रोकोलीतल्या सल्फोराफेन या द्रव्याचंच घ्या. एनआरएफ-२ हे प्रथिन पेशीत सतत तयार होतं, पण कीप-१ हे दुसरं प्रथिन त्याला धरून विल्हेवाटीला पाठवतं; साधारण २० मिनिटांत निम्मं संपतं. सल्फोराफेन कीप-१च्या साखळीतल्या १५१व्या जागेवरच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटलं की एनआरएफ-२ साठतं आणि कर्करोगकारक द्रव्यं निकामी करणारी विकरं वाढवतं. ही चिकटण्याची पहिली घडामोड प्रथिनावरच होते, त्यामुळे आरएनए (जनुकाची पेशीतली नक्कल) मोजून कळणारच नाही.

मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर) मात्र कीप-१च्या, ते सिस्टीन असलेल्या तुकड्याचं वजन १७७ डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं एकक), म्हणजे सल्फोराफेनच्या वजनाइतकं, वाढलेलं दिसतं. अर्थात सल्फोराफेन आणि सिस्टीनमधला हा बंध फार कच्चा, नमुना तयार करतानाच सुटू शकतो. म्हणून ‘काही परिणाम सापडला नाही’ असं वाचलं की मी आधी नमुना कसा हाताळला तेच बघते.