विधवाविवाह सगळ्याच धर्मांना खुपतो?

विधवेचं पुन्हा लग्न सगळ्याच धर्मांना खुपतं, हे तुमचं सरसकट विधान पटलं नाही. इस्लाममध्ये विधवेला थांबायचं ते इद्दतीपुरतं, ४ महिने १० दिवस (गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत). पुढे वाट मोकळी. पैगंबरांच्या पहिल्या पत्नी खदीजा स्वतः विधवाच होत्या की! कॅथलिक चर्चही जोडीदार गेल्यावर आडकाठी करत नाही. तिथे घोडं अडतं ते घटस्फोटावर. कोर्टाचा कागद पुरत नाही, आधीचा विवाह मुळातच वैध नव्हता असा चर्चच्या न्यायाधिकरणाचा निर्णय लागतो.

सनातनी ज्यूंचं आणखी वेगळं. घटस्फोट मान्य, पण 'गेट' नावाचं घटस्फोटपत्र नवऱ्यानेच द्यायला हवं. त्याने ते अडवून धरलं की बायको 'अगुना', म्हणजे जखडलेली. कोर्टातून सुटली तरी धर्मात अडकलेलीच. मला तरी हे वैधव्यापेक्षा छळाचं वाटतं, कारण इथे किल्ली त्याच माणसाच्या खिशात.

हिंदूंबाबत तुमचं बरंचसं खरं, पण तेही मुख्यतः वरच्या जातींपुरतं. १८५६ चा विधवा पुनर्विवाह कायदा यायच्या कितीतरी आधीपासून अनेक जातींत पाट (विधवांची दुसरी लग्नं) लागतच होते.