पऱ्हाटीवर लोखंड काढायला निघाले!

भट्टीकर: ‘पऱ्हाटी-तुराट्यांचा कोळसा करा, दगडी कोळसा बंद करा, विदर्भाचं लोखंड हिरवं होईल’ ही पोस्ट सकाळपासून चौथ्यांदा आली, म्हणून लिहितोय. (पऱ्हाटी म्हणजे कापसाची, तुराटी म्हणजे तुरीची पीक काढल्यावर उरलेली वाळकी झाडं.) ब्लास्ट फर्नेसमध्ये, म्हणजे खनिज वितळवून लोखंड काढणाऱ्या उंच भट्टीत, कोक (दगडी कोळसा भाजून केलेलं कडक जळण) नुसता जळत नाही, वरच्या खनिजाचा भारही पेलतो. लाकडी कोळशाचा त्या वजनाखाली चुरा होतो. मग वारा वर चढणार कसा? ब्राझीलमध्ये निलगिरीच्या कोळशावर भट्ट्या चालतात, पण त्या लहान. मोठ्या भट्टीत फार तर खालून भुकटी फुंकता येते. कोक हटत नाही.

चांदेकर: तुमचं ब्लास्ट फर्नेसचं रडगाणं तुमच्यापाशी ठेवा. आमच्याकडे स्पंज आयर्न, म्हणजे न वितळवता काढलेलं सच्छिद्र लोखंड, बनतं. फिरत्या किल्नमध्ये (आडव्या नळकांडी भट्टीत) खनिज वितळतच नाही, भार पेलायचा प्रश्न येतो कुठे?

भट्टीकर: हे मान्य. पण पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश असतं, त्यानं राख चिकटते. किल्नच्या आत थर धरला की भट्टी थंड करून तो फोडायला माणसं उतरवावी लागतात. मी उतरलोय. पोस्ट लिहिणारे उतरलेत का?

जुना_कामगार: कर्नाटकातल्या भद्रावतीचा कारखाना १९२३ साली लाकडी कोळशावरच सुरू झाला. कोळसा आसपासच्या जंगलातला. चार किलो सुक्या लाकडातून जेमतेम एक किलो निघतो. करा हिशेब.

चांदेकर: जंगल कोण तोडतंय? शेतात फुकट पडलेली पऱ्हाटी म्हणतोय मी!

वर्धेवाला: फुकट? मागच्या हंगामात ब्रिकेटवाल्याचा (काडीकचरा दाबून जळणाचे ठोकळे करणाऱ्याचा) दलाल आला होता. ट्रॉली डोक्याच्या वर भरली, काट्यावर टनही भरला नाही. त्यात ओलावा कापला, माती कापली. उपटायची मजुरी माझ्या खिशातून गेली.

सुमनताई: अन् चुलीचं काय? सिलिंडर संपला की आमच्याकडे पऱ्हाटीच पेटते. ती कारखान्यात गेल्यावर काय जाळू, तुमची पोस्ट?

चांदेकर: ताई, पऱ्हाटी शेतात उभी राहिली की गुलाबी बोंडअळी पोसली जाते. काढावीच लागते.

सुमनताई: अळी आम्हाला शिकवता? कापूस वेचून बोटं सोलली आमची. काढतोच आम्ही, परसात ढीग लावतो. त्याच ढिगावर तुमचा डोळा आहे.

चांदेकर: बरं बाई, आधी तुमची चूल, मग भाव, मग किल्न. तोवर जाळा दगडी कोळसा, भट्टीकर खूश!

भट्टीकर: खूश कसला. दगडी कोळशात दहा-पंधरा टक्के मिसळून बघायला माझी ना नाही. नीट वाळवून, कोळसा करून आणा.

वर्धेवाला: आणतो. काटा कोणाचा, ते आधी बोला.