मदत हवी आहे : चिनी शाईचित्रातल्या कोरड्या रेषा
सर्वांना नमस्कार. चीनमधील युआन राजवटीच्या काळातील चित्रकार हुआंग गोंगवांग यांचे फूचुन पर्वतांचे चित्र समोर ठेवून मी शाईने निसर्गचित्र काढण्याचा सराव करत आहे. १६५० मध्ये आगीतून वाचवताना या चित्राचे दोन तुकडे झाले. लहान तुकडा हांगझोऊला, तर लांब तुकडा तैपेईला आहे. त्यातील डोंगरउतारांवर तागाचे धागे सैल सोडावेत तशा लांब, कोरड्या रेषा आहेत आणि मला त्याच साधत नाहीत.

सहाणेवर चंदन उगाळावे तशी शाईची कांडी उगाळून मी कच्च्या, म्हणजे तुरटी-सरस न लावलेल्या, ‘श्वान’ (Xuan) या चिनी कागदावर काम करतो. कुंचला टेकताच ज्वारीच्या दाण्याएवढा डाग फुटतो आणि कुंचला फडक्याने टिपून घेतला, तर रेष दोन बोटांवरच तुटते. कुंचला आडवा धरून ओढल्यावर थोडा फरक पडला, पण रेषेतला जिवंतपणा गेला.

अशा रेषांसाठी तुरटी आणि सरस लावलेला पक्का कागद घ्यावा, की कच्च्यावरच हात बसू द्यावा? कागदाला घरी तुरटी-सरस लावायचे झाल्यास प्रमाण किती ठेवावे? फिकट रेषांवर गडद रेषा चढवण्याआधी कागद पूर्ण वाळू द्यावा का, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.