दुसरं महायुद्ध फिरलं कुठे? स्टालिनग्राड नव्हे, मॉस्को!

मीठभाकर
दरवर्षी २ फेब्रुवारी (१९४३ ला याच दिवशी स्टालिनग्राडची लढाई संपली) आली की ‘स्टालिनग्राडने महायुद्ध फिरवलं’ हे वाक्य ठरलेलं. मला ते पटत नाही. डाव फिरला तो त्याच्या चौदा महिने आधी, मॉस्कोच्या वेशीवर.

हिवाळ्याआधी रशिया आटोपायचा, एवढाच हिटलरचा बेत. तो फसला तर काय, याचा विचारच नव्हता. २२ जून १९४१ ला घुसले, ऑक्टोबरात चिखलात रुतले, आणि ५ डिसेंबरला सोव्हिएत फौजांनी उलट हल्ला चढवला तेव्हा जर्मन शिपायाच्या पायात खिळे ठोकलेले बूट होते. ते खिळे थंडी थेट तळव्यात पोचवायचे. बूटही मापात घट्ट, आत कागद कोंबायला जागा नाही. समोरच्या रशियनाच्या पायात लोकर दाबून केलेले सैलसर वालेन्की. जर्मनांकडे गरम कपडे नव्हतेच असं नाही. बरेचसे पोलंडच्या गोदामांत पडून होते, कारण गाड्यांत आधी दारूगोळा आणि पेट्रोल. त्यात रशियन रुळांमधलं अंतर जवळजवळ ९ सेंटिमीटर जास्त. रूळ सरकवून घेतल्याशिवाय जर्मन इंजिन पुढे जाईना, आणि जे गेलं त्याच्या बाहेरून काढलेल्या पाण्याच्या नळ्या गोठून फुटायच्या.

७ तारखेला जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर तळावर हल्ला केला, ११ ला हिटलरने आपणहून अमेरिकेशी युद्ध पुकारलं. झटपट उरकायची लढाई आठवड्याभरात वर्षानुवर्षांची झाली, आणि तेवढा दम जर्मनीत नव्हता.

पावणेदहाची लोकल
मॉस्कोला कंबर मोडली म्हणता, मग १९४२ च्या उन्हाळ्यात तीच फौज व्होल्गा आणि कॉकेससपर्यंत पोचली कशी? ऑगस्टात मायकोपचं तेलक्षेत्र घेतलंच की त्यांनी. (रशियनांनी जाताना विहिरी निकामी केल्या होत्या, ते सोडा.)

मॉस्कोला जर्मन मागे हटले. स्टालिनग्राडला अख्खी सहावी आर्मी नकाशावरून पुसली गेली. फरक आहे ना राव! १९ नोव्हेंबरचा रशियनांचा हल्ला शहरावर नव्हताच, तो शहराच्या बगलेला उभ्या केलेल्या, जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या रुमानियन फौजांवर होता. चार दिवसांत कलाच गावाजवळ सहाव्या आर्मीभोवती फास आवळला. आत दोन लाखांच्या वर माणसं. जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोअरिंग याने छातीठोकपणे सांगितलं, विमानांनी रसद पुरवू. रोज किमान ३०० टन हवे होते, सरासरी त्याच्या निम्मेही उतरले नाहीत. शेवटी सुमारे ९१ हजार कैदी झाले, त्यातले घरी परतले ५-६ हजार. सहाव्या आर्मीचा सेनापती पाउलुस याला हिटलरने फील्ड मार्शल केलं आणि दुसऱ्याच दिवशी तो रशियनांच्या हाती लागला.

मीठभाकर
तुमचाच मुद्दा माझ्या बाजूने घेतो. १९४१ मध्ये जर्मन लेनिनग्राड, मॉस्को आणि युक्रेन अशा तिन्ही दिशांना एकदम सुटले होते. १९४२ मध्ये फक्त दक्षिणेला. का? तिन्हीकडे पुरतील एवढी माणसं, घोडे, ट्रक उरलेच नव्हते. रुमानियन बगलेला हौसेने नव्हते उभे केले. स्वतःचे शिपाई पुरेनात म्हणून केले.

खारी-बिस्कीट
पॅसिफिक नावाचा महासागर आहे हो! ४ जून १९४२, मिडवे बेटाजवळची अमेरिका-जपान लढाई. एका दिवसात जपानच्या चार विमानवाहू नौकांची वाट लागली. चालू द्या.

पावणेदहाची लोकल
@मीठभाकर, दमलेला आणि हरलेला यात फरक असतो. बाकी पुढचा प्रतिसाद पानिपतावर येणार, लिहून ठेवा.

डोंगरवाट
पानिपत नाही, संगशाक. मणिपुरातली टेकडी. मार्च १९४४ मध्ये तिथे ब्रिटिश हिंदी सैन्याची ५० वी पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्यासोबत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण. काटेरी तार नाही, टेकडीवर पाणी नाही. जपान्यांना त्यांनी काही दिवस अडवून धरलं, तेवढ्यात इंफाळ आणि कोहिमाला तयारीला अवधी मिळाला. पुढे कोहिमात डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या या टोकाला ब्रिटिश हिंदी सैन्य आणि त्या टोकाला जपानी, अशी लढाई झाली. जपानी सेनापती सातोची फौज तीन आठवड्यांचा शिधा घेऊन आली होती. तो संपला, मागून काही येईना, तेव्हा वरच्यांचा हुकूम धुडकावून त्याने माघार घेतली.

आणि हो, इंफाळच्या आघाडीवर समोरून, जपान्यांसोबत, आझाद हिंद सेनाही होती. दोन्हीकडे आपलीच पोरं. हे लिहिताना कुठली बाजू घ्यावी ते मला अजून जमत नाही.

मीठभाकर
संगशाकचं माहीत नव्हतं, आभार. पण १९४४ पर्यंत निकाल लागलेला होता. कोहिमा पडलं असतं तरी बर्लिन वाचलं नसतं.

डोंगरवाट
बर्लिनचं कोण बोलतंय? कोहिमा पडलं असतं तर पुढे दिमापूरचं रेल्वे स्टेशन आणि रसदीचा डेपो, आणि तिथून आसाम उघडं. आपण मराठीत बसून ‘महायुद्ध फिरलं कुठे’ विचारतो आणि मोजमाप मात्र व्होल्गाकाठी लावतो.

मीठभाकर
बरोबर. शीर्षकात ‘युरोपातलं’ घालायचं राहिलं. संपादकांना विनंती, तेवढा बदल करावा.

पावणेदहाची लोकल
बदलताय तर मॉस्कोही काढा.