अनुभव धागा: शोधले एक, उघडले भलतेच

मोबाइल ॲपच्या यादीवर शोधपेटी बसवायला एक दुपार पुरते. ती नीट चालेपर्यंत पावसाळा सरतो. गोव्यात बसून ॲप बांधणाऱ्यांनी आपले किस्से टाकावेत. कारण काय निघाले तेही लिहा. 'रीस्टार्ट केल्यावर झाले' चालणार नाही.

पर्वरी, अँड्रॉइड
होमस्टेचे ॲप दुसऱ्या टीमकडून आमच्याकडे आले. 'काणकोण' टाकले की यादी बरोबर गाळून यायची, पण पहिली ओळ दाबली की हरमलचे घर उघडायचे. दोन टोके गोव्याची! सगळे फिल्टरच्या मागे लागले आणि तो तर निर्दोष. दाबलेल्या ओळीचा क्रमांक घेऊन घर मात्र मूळ, न गाळलेल्या यादीतून उचलले जात होते. क्रमांकाऐवजी घराचा आयडी पुढे पाठवला, मिटले.

मडगाव
आमच्याकडे पेटी रिकामी केली तरी यादी लहानच राहायची. फिल्टर मूळ यादीलाच कात्री लावत होता. मूळ प्रत वेगळी ठेवून दर अक्षराला नवी यादी काढायला हवी. आणि रिसायकलरव्ह्यूच्या (अँड्रॉइडचा यादी दाखवणारा भाग) लिस्टॲडॅप्टरला, म्हणजे त्याला ओळी पुरवणाऱ्या कोडला, तीच यादी आतून बदलून पुन्हा सबमिट केली तर तो ढिम्म हलत नाही, त्याच्या लेखी काही बदललेलेच नसते. एररही नाही, म्हणून जास्त वैताग.

वास्को, आयओएस
कीबोर्डने सुचवलेला शब्द निवडला की मागे स्पेस चिकटते. ट्रिम करा, म्हणजे कडेच्या स्पेस कापा. बस्स.

म्हापसा, रिॲक्ट नेटिव्ह
माझा किस्सा लांब आहे. रेस्टॉरंटच्या मेनूचे ॲप, त्यात पोर्तुगीज वळणाची नावे. त्या अक्षरांवरच्या खुणा गिऱ्हाईक टाइप करत नाही, म्हणून कोणीतरी मजकूर एनएफडीत (युनिकोडचे अक्षर आणि खूण सुटे करणारे रूप) फोडून सगळ्या जोडचिन्हांना उडवणारा रेगेक्स, म्हणजे नमुना शोधणारे सूत्र, लावला. इंग्रजीत सुरेख चालले. मग मराठी मेनू आला आणि 'खीर' शोधली की 'खारे बांगडे' येऊ लागले! युनिकोडच्या हिशेबाने आपल्या काना, मात्रा, वेलांट्याही जोडचिन्हेच. त्या उडाल्या की 'खीर' आणि 'खारे' दोन्ही 'खर'. उडवणे ०३०० ते ०३६एफ या युनिकोड क्रमांकांच्या पट्ट्यापुरते (रोमन अक्षरांवरच्या खुणा त्यात येतात) ठेवले, तेव्हा खीर गोड झाली.

शाकुतीची गोष्ट निराळी. रोमन मेनूत ती एक्सने सुरू होते आणि बाहेरून आलेला माणूस एसएचने शोधतो. तिथे कुठलेच नॉर्मलायझेशन (मजकूर एकसारख्या रूपात आणणे) कामाचे नाही, पदार्थाला पर्यायी स्पेलिंगचा रकाना द्यावा लागतो. माझ्या मते गोव्यातल्या प्रत्येक ॲपला तो पहिल्या दिवसापासून हवा, गावांच्या नावांसाठीसुद्धा.

फोंडा
म्हापसेकरांना पुरवणी. 'खाऱ्या सुंगटांची किसमूर' डोळ्यांसमोर असून शोधात सापडेना. एका कीबोर्डने तो अर्धा र नुक्त्याच्या ऱ वरून केलेला, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झेडडब्ल्यूजे, म्हणजे जोडणारे अदृश्य चिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एनएफसी (सुटे भाग पुन्हा जोडणारे रूप), एनएफडी दोन्ही करून पाहा, ते एक होत नाहीत. झेडडब्ल्यूजेचे रूप आपणच दुसऱ्यात बदलायचे, साठवतानाही आणि शोधतानाही. अशा वेळी लॉगमध्ये (ॲपच्या नोंदींत) शब्द छापू नका, कोडपॉइंट, म्हणजे प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक, छापा.

चोडण
ऑफिसच्या वायफायवर कधीच दिसले नाही. रायबंदरच्या फेरीबोटीत रेंज जाते-येते तेव्हा दिसले: पेटीत 'दिवाडी', खाली निकाल नुसत्या 'दि'चे, डिचोलीसकट. सर्व्हरचे आधीचे उत्तर उशिरा पोचून नव्यावर बसत होते. टाइप करताना थोडे थांबण्याचा डिबाउन्स होता, पण त्याने विनंत्या कमी होतात, त्यांचा क्रम राखला जात नाही. कोटलिनमध्ये (अँड्रॉइड ॲप लिहायची भाषा) फ्लॅटमॅपलेटेस्ट घातले, नवे अक्षर आले की जुना शोध रद्द.

धागाकर्ता
चोडणकर, 'दि' ला डिचोली कशी आली?

चोडण
रोमन टाइप करतो हो आम्ही. डी आणि आय.

साखळी
आमची यादी सर्व्हरवरून पानापानाने फोनवर उतरते आणि शोध फक्त उतरलेल्या पानांत चालायचा. 'पेडणे' रिकामे, खालपर्यंत स्क्रोल करून पुन्हा शोधले की हजर. आता शोध सर्व्हरकडे दिला आहे. पण नेट नसताना उतरलेल्यातले दाखवावे की काहीच नाही, यावर टीममध्ये वाद आहे. 'काही सापडले नाही' असे लिहिणे मला तरी पटत नाही. कोणी काय मजकूर ठेवला आहे?