मदत हवी आहे: मुरबाड-शहापूरकडे महिनाभरासाठी शांत घर

नमस्कार मंडळी, आम्ही कळव्याला राहतो. धाकटा भाऊ व्यावसायिक कबड्डी खेळतो, रेडर (चढाई करणारा) आहे. एक रेड 30 सेकंदांची, पण त्यात गुडघे आणि घोटे किती सोसतात ते घरच्यांनाच कळतं. सीझन संपवून आला तेव्हा घोट्यांवर टेपचे पांढरे वळ होते आणि झोपेतसुद्धा त्याचा पाय झटकत होता. फिजिओंनी काही आठवडे मॅटपासून लांब राहायला सांगितलंय. फक्त चालायचं, पोहायचं, भरपूर झोपायचं.

इथे बिल्डिंगखालीच पोरं सेल्फीला थांबतात, आराम कसला!

एखाद्या गावात साधं घर भाड्याने मिळेल का? शनिवार-रविवारी डीजे लागणारी फार्महाऊस नकोत, दोनदा फसलोय. सकाळी चालायला सपाट रस्ता हवा, घरगुती नाचणीची भाकरी-पिठलं मिळालं तर उत्तमच. आसनगाव स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर असेल तर आईला जाऊन-येऊन करता येईल. मुरबाडला रेल्वे नाही, तरी कल्याणहून एसटीची सोय बरी असेल तर तेही चालेल.

आणि पोहायला सुरक्षित विहीर कुठे आहे? धरणात त्याला उतरू देणार नाही. ओळखीचं कोणी असेल तर कृपया मेसेज करा.