क्लासिक ३५०: बॅफल कोणता बसवू?

गाडी २०१४ची रॉयल एनफील्ड क्लासिक ३५०, कार्ब्युरेटरवाली. मूळ सायलेन्सर गाडी पडून चेपला, म्हणून बाहेरचा बसवला. त्यासोबत आलेल्या बॅफलचं (सायलेन्सरच्या आत बसणारी, आवाज दाबणारी नळी) भोक जेमतेम १८ मिमी. शहरात ठीक चालते, पण ८०च्या पुढे गाडीचा श्वास कोंडल्यासारखा वाटतो.

बॅफल काढून पाहिला. वरचा वेग मोकळा झाला, पण खंबाटकी घाट चढताना खालची ओढ गेली आणि थ्रॉटल सोडला की फटफट फटाके. प्लग पांढरट दिसला, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, म्हणून मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकला. फटाके कमी झाले, ओढ परत आली नाही. बेंड पाइपचं (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा पाइप) गॅस्केट नवीन आहे, गळती नाही. एअर फिल्टर मूळचाच.

आवाज मला जाड, खोल हवा आहे, मोठा नको. शेजारी तान्हं बाळ आहे, आणि कर्कश सायलेन्सरवर कारवाई होते ती योग्यच आहे. बॅफल एकाच बोल्टवर आहे, त्यामुळे बदलणं सोपं. सायलेन्सर कापायचा नाही.

लेथवर २४ मिमीची जाळीदार नळी करून, भोवती ग्लासवूल (आवाज शोषणारा काचतंतूंचा कापूस) गुंडाळून बसवली तर खालची ओढ टिकेल का, की २०-२२वरच थांबावं? आणि जेट पुन्हा बदलावा लागेल का?